मेल गेला कुठे, हे आधी सांगता आलं पाहिजे

प्रश्न : आमच्या कंपनीत साधारण दीड हजार मेलबॉक्स आहेत. बाहेरच्या बाजूला पोस्टफिक्सचा गेटवे, म्हणजे मेल आत-बाहेर नेणारा सर्व्हर, आणि आत लोकांचे मेलबॉक्स सांभाळणारं मायक्रोसॉफ्टचं एक्स्चेंज २०१९. आधीचे ॲडमिन सोडून गेले आणि सगळं माझ्याकडे आलं. त्यांनी लावून ठेवलेलं बरंच काही तसंच चालू आहे. उदाहरणार्थ, रोज रात्री गेटवेचा डिफर्ड क्यू (पुढे न गेलेल्या मेलची रांग) पुसून रिकामा करणारा एक क्रॉन जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कमांड, आहे, त्यामुळे क्यू तरी स्वच्छ राहतो. पण विक्री विभाग म्हणतो, काही मेल पोचतही नाहीत आणि परतही येत नाहीत. अकाउंट्सची बिलं ग्राहकांच्या स्पॅममध्ये जातात. वरिष्ठांनी विचारलंय, ‘कोणती टूल्स घ्यायची त्याची यादी द्या, बजेट आहे.’ मी मोठमोठ्या मॉनिटरिंग सूट्सची माहिती काढतोय, पण एक्स्चेंजचं ॲडमिन सेंटर सोडलं तर फारसं काही वापरलेलं नाही. काय घेऊ?

उत्तर : यादीचं नंतर बघू. आधी तो क्रॉन जॉब बंद करा, आजच.

डिफर्ड क्यूमध्ये पडलेला मेल म्हणजे कचरा नव्हे. समोरच्या सर्व्हरने ‘आत्ता नाही, थोड्या वेळाने या’ असं सांगितलेले मेल तिथे थांबलेले असतात. कुणाचा मेलबॉक्स भरलेला असतो, कुणाचा डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा) उत्तर देत नसतो, कुणी ग्रेलिस्टिंग लावलेलं असतं म्हणजे अनोळखी सर्व्हरला पहिल्या वेळी मुद्दाम परत पाठवलं जातं. पोस्टफिक्स मूळ सेटिंगमध्ये असे मेल पाच दिवस सांभाळतो, ३०० ते ४००० सेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि तरीही जमलं नाही तर पाठवणाऱ्याला बाउन्स, म्हणजे ‘पोचला नाही’ असा परतीचा मेल, पाठवून कळवतो. पोस्टसुपर ही क्यूतले मेल पुसायची पोस्टफिक्सची कमांड, तुमचा क्रॉन जॉब तीच चालवत असणार. तिने पुसलेल्या मेलचं तसं होत नाही. तो गेला की गेला, पाठवणाऱ्याला एका ओळीचाही निरोप जात नाही. ‘पोचतही नाहीत आणि परतही येत नाहीत’ या तक्रारीचं मूळ इथेच असावं, असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. पडताळणंही सोपं आहे. गेटवेच्या मेल लॉगमध्ये पोस्टसुपर शोधा. पुसलेल्या प्रत्येक मेलच्या क्यू आयडीपुढे (रांगेतला त्याचा क्रमांक) ‘रिमूव्हड’ अशी नोंद मिळेल. तोच क्यू आयडी घेऊन त्याच लॉगमध्ये मागे जा, म्हणजे पाठवणारा आणि ज्याला पाठवला तो, दोघेही सापडतील. विक्री विभागाला ती यादी द्या आणि मेल पुन्हा पाठवायला सांगा. हे काम अवघड वाटेल, पण ते तुम्हीच करा. त्या मेलमधले काही ग्राहक अजूनही उत्तराची वाट बघत असतील.

आधीच्या ॲडमिनने तो जॉब का लावला असावा याचाही विचार करा, नाहीतर क्यू पुन्हा फुगेल आणि तुम्हालाही तोच मोह होईल. बहुधा कारण असं असतं : गेटवेला आतल्या खऱ्या पत्त्यांची यादी माहीत नसते. कुणीही अस्तित्वात नसलेल्या नावाने मेल पाठवला तरी तो घेतो, मग एक्स्चेंज नाकारतो, मग गेटवे बाउन्स तयार करतो, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असल्याने तो बाउन्स कुठेच जात नाही. क्यूमध्ये मेलर-डीमनच्या, म्हणजे बाउन्स पाठवणाऱ्या सर्व्हरच्याच, नावाचे शेकडो मेल दिसत असतील तर हेच चाललंय असं समजा. यावर उपाय सफाईचा नाही. गेटवेला रिले रेसिपियंट मॅप द्या, म्हणजे खऱ्या पत्त्यांची यादी, जी ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून, म्हणजे कंपनीच्या खात्यांच्या नोंदवहीतून, ठरावीक वेळाने काढता येते. मग खोट्या पत्त्याचा मेल दारातच नाकारला जातो आणि बाउन्सचा प्रश्नच उरत नाही.

आता टूल्सकडे येतो. माझी एकच कसोटी आहे. कुणी फोन करून विचारलं, ‘मी काल पाठवलेला मेल कुठे आहे?’, तर पाच मिनिटांत, पुराव्यासकट, तुम्हाला उत्तर देता आलं पाहिजे. जे टूल त्या उत्तराच्या जवळ नेतं ते कामाचं. बाकीची कितीही सुंदर आलेख काढत असली तरी त्यांची वेळ नंतर येते. आणि ही पाच मिनिटांची कसोटी पार करायला लागणारं जवळजवळ सगळं तुमच्याकडे आधीच आहे.

पोस्टफिक्सच्या लॉगमधली डिलिव्हरीची एक ओळ नीट वाचायला शिका. त्यात कुणाला, कोणत्या सर्व्हरकडे, किती वेळात आणि शेवटी स्टेटस असतं. स्टेटस ‘सेंट’ असेल तर त्यापुढे कंसात समोरच्या सर्व्हरचं उत्तर छापलेलं असतं, २५० पासून सुरू होणारं, आणि बऱ्याचदा त्यात त्यांच्या बाजूचा क्यू आयडीही असतो. ही तुमची पोचपावती. ‘आमच्याकडे आलाच नाही’ म्हणणाऱ्या समोरच्या ॲडमिनला तो आयडी आणि वेळ कळवलीत की शोध त्यांच्या लॉगमध्ये सुरू होतो. मात्र ‘सेंट’चा अर्थ तेवढाच : पुढच्या सर्व्हरने मेल ताब्यात घेतला. तो इनबॉक्समध्ये गेला की स्पॅममध्ये, हे ही ओळ सांगत नाही. विक्री विभागाला ‘पोचला’ असं सांगण्यापूर्वी हा फरक लक्षात ठेवा.

त्याच ओळीत ‘डिलेज’ नावाचा एक भाग असतो, तिरप्या रेघांनी तोडलेले चार आकडे. बरेच ॲडमिन त्याकडे बघतही नाहीत, पण उशिराच्या तक्रारीत मी सगळ्यात आधी तिथेच बघतो. पहिला आकडा मेल क्यू मॅनेजरकडे येईपर्यंतचा वेळ, दुसरा क्यू मॅनेजरकडे थांबलेला वेळ, तिसरा समोरच्याशी जोडणी होण्याचा, ज्यात डीएनएस, हेलो (सर्व्हरांची ओळख) आणि टीएलएस (एन्क्रिप्शन) सगळं आलं, आणि चौथा प्रत्यक्ष मेल पाठवण्याचा. समजा, चौघांत फक्त तिसरा तीस सेकंदांचा आहे आणि बाकीचे एकाच्या आत. मग तुमची डिस्क तपासण्यात किंवा सर्व्हरची मेमरी वाढवण्यात काहीच अर्थ नाही, जोडणी अडखळतेय. प्रत्येक डोमेनला तिसराच आकडा मोठा दिसत असेल तर तुमचा डीएनएस रिझॉल्व्हर, म्हणजे डीएनएसची उत्तरं शोधून आणणारा सर्व्हर, बघा. एकाच डोमेनला मोठा असेल तर अडचण त्यांच्याकडे आहे.

एक्स्चेंजच्या बाजूला हेच काम मेसेज ट्रॅकिंग लॉग करतो. पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांड लाइन) गेट-मेसेजट्रॅकिंगलॉग चालवा आणि पाठवणारा, विषय किंवा मेसेज आयडी, म्हणजे मेलच्या हेडरमधला त्याचा क्रमांक, द्या. रिसीव्ह, सेंड, डिलिव्हर, डिफर, फेल अशा घटना क्रमाने दिसतात. गेटवे आणि एक्स्चेंज यांचे क्यू आयडी वेगवेगळे असतात, पण मेसेज आयडी दोन्हीकडे तोच राहतो, म्हणून दोन लॉग जोडायचा धागा तोच. एक सेटिंग मात्र आत्ताच बदला. हा लॉग मूळ सेटिंगमध्ये ३० दिवस किंवा १००० एमबी, यातलं जे आधी भरेल तोपर्यंतच राहतो. दीड हजार मेलबॉक्सच्या सर्व्हरवर ती जागा महिन्याच्या आधीच भरू शकते, आणि तक्रार येते ती हमखास त्याच्या आदल्या आठवड्याची. डिस्क परवानगी देईल तितकी मर्यादा वाढवा. दोन्हीकडचे लॉग एका वेगळ्या मशीनवरही जमा करा. सर्व्हर फोडणारा माणूस पहिल्यांदा लॉग पुसतो.

पुढचं टूल क्यूशेप, क्यूमध्ये कोणत्या डोमेनचे किती जुने मेल आहेत ते दाखवणारं. पोस्टफिक्सबरोबरच येतं, फुकट आहे, आणि एवढ्या कमी अक्षरांत एवढं सांगणारं दुसरं काही मला माहीत नाही. डाव्या बाजूला डोमेन, वरच्या ओळीत मेलचं वय मिनिटांत : पाच, दहा, वीस, चाळीस, असं दुप्पट होत जाणारं. सगळा ढीग एकाच डोमेनच्या ओळीत असेल तर अडचण पलीकडे, किंवा त्यांनी तुम्हाला रोखलंय. ढीग सगळ्या डोमेनांवर सारखा पसरला असेल तर दोष तुमच्या घरात शोधा : नेटवर्क, डीएनएस, भरलेली डिस्क. हेच क्यूशेप पाठवणाऱ्यांच्या हिशेबाने चालवायचाही पर्याय आहे. तिथे तुमचंच डोमेन एकदम वर आलं आणि पोस्टक्यूच्या, म्हणजे क्यूमधले मेल दाखवणाऱ्या कमांडच्या, यादीत एकाच कर्मचाऱ्याच्या नावाने शेकडो मेल दिसले, तर त्याचा पासवर्ड चोरीला गेलाय हे नक्की समजा.

अशा वेळी घाईने पुसू नका. आधी ते खातं बंद करा, त्याची चालू सत्रं तोडा, मग त्या पत्त्याचे मेल पोस्टसुपरने होल्डवर टाका. छोट्या एचच्या पर्यायाने मेल होल्डवर जातो, मोठ्या एचने सुटतो. होल्डमधला एखादा मेल पोस्टकॅटने उघडून बघता येतो. त्या माणसाचे खरे मेलही त्याच ढिगात असतात, ते वेगळे काढून सोडा आणि उरलेले मग पुसा. त्याच्या मेलबॉक्सचे इनबॉक्स रूल्सही तपासायला विसरू नका. चोर बऱ्याचदा ‘आलेला मेल लगेच दुसऱ्या फोल्डरमध्ये टाका’ असा नियम करून ठेवतात, म्हणजे आलेल्या बाउन्सनी मालक सावध होत नाही.

तुम्ही ज्या मॉनिटरिंग सूट्स बघताय, त्या बहुतेक ‘सर्व्हिस चालू आहे का, सीपीयू किती’ हे दाखवतात. मेलच्या बाबतीत ते पुरत नाही. १ जानेवारी २०२२ आठवा. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ मधलं मालवेअर तपासणारं इंजिन ज्या सिग्नेचर फाइली वापरायचं, त्यांच्या आवृत्तीचा क्रमांक तारखेवरून बनायचा. नव्या वर्षात तो २२०१०१०००१ झाला. ३२ बिटांच्या चिन्हासकट पूर्णांकात मावणारी सगळ्यात मोठी संख्या २१४७४८३६४७. आकडा मावला नाही, इंजिन कोसळलं आणि जगभरच्या सर्व्हरवर मेल ट्रान्सपोर्ट क्यूमध्ये अडकून बसले. सर्व्हर मात्र मेल स्वीकारतच होते. ज्यांची नजर क्यूवर होती त्यांना सणाच्या सुट्टीतही लगेच कळलं, बाकीच्यांना लोकांनी फोन करून सांगितलं.

म्हणून दोन इशारे लावा, तेही तुमच्याकडे आत्ता जे मॉनिटरिंग असेल त्यातच. पहिला, क्यूमधला सगळ्यात जुना मेल किती जुना आहे. नुसती संख्या फसवते, कारण एखादं परिपत्रक गेलं की ती क्षणभर वाढणारच. दुसरा, फेरी मारून येणारा मेल : दर काही मिनिटांनी बाहेरच्या एका खात्यावर मेल जावा, तिथून उत्तर यावं, आणि ठरावीक वेळात ते आलं नाही तर मोबाइलवर इशारा यावा. तो इशारा एसएमएसने किंवा दुसऱ्या वाटेने पाठवा. मेल बंद पडल्याची बातमी मेलनेच पाठवणारी मांडणी मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिली आहे.

गेटवेच्या लॉगमध्ये एक्स्चेंजकडून ‘४५२ ४.३.१’ आणि ‘इन्सफिशियंट सिस्टिम रिसोर्सेस’ असं दिसायला लागलं, तर ते बॅक प्रेशर असतं. क्यूच्या डेटाबेसची डिस्क भरत आली किंवा मेमरी कमी पडली की एक्स्चेंज स्वतःहून मेल घेणं थांबवतो. गेटवे ते मेल धरून ठेवतो, डिस्क मोकळी केलीत की ते आपोआप आत जातात. काहीही हरवत नाही, मात्र गेटवेचा डिफर्ड क्यू कुणी रिकामा करता कामा नये.

आता अकाउंट्सची बिलं. पहिला प्रश्न त्यांनाच विचारा : बिलं जातात कुठून? तुमच्या गेटवेतून, की बिलिंगच्या एखाद्या बाहेरच्या सेवेतून, तुमच्या डोमेनचं नाव लावून? माझा अंदाज या दुसऱ्या शक्यतेचा आहे. तसं असेल तर ती सेवा तुमच्या एसपीएफमध्ये, म्हणजे तुमच्या नावाने कोण मेल पाठवू शकतो याच्या डीएनएसमधल्या यादीत, नसेल, किंवा असूनही एसपीएफच मोडलेला असेल. एसपीएफ तपासताना डीएनएसच्या जास्तीत जास्त १० शोधांची मर्यादा आहे. प्रत्येक इन्क्लूड (दुसऱ्याची यादी जोडणं), ए, एमएक्स त्यात मोजला जातो आणि इन्क्लूडच्या पोटातले इन्क्लूडही. वर्षानुवर्षं प्रत्येक विभाग आपली सेवा त्यात घालत जातो, अकराव्या शोधाला तपासणीच चुकीची ठरून थांबते आणि यादीत मागे असलेल्या, ज्यांचं सगळं बरोबर होतं त्यांचेही मेल घसरतात. न वापरलेल्या सेवा काढून टाका. थेट आयपी पत्ता लिहिला तर तो या मोजणीत येत नाही.

त्याहून भक्कम काम म्हणजे त्या सेवेला तुमच्या डोमेनच्या डीकिम किल्लीने, म्हणजे मेल तुमच्याच डोमेनचा आहे हे दाखवणाऱ्या डिजिटल किल्लीने, सही करायला लावणं. मेल वाटेत फॉरवर्ड झाला की एसपीएफ तुटतो, डीकिमची सही मजकूर बदलला नाही तर टिकते. किल्ली २०४८ बिटांची घ्या आणि प्रत्येक सेवेला स्वतंत्र सिलेक्टर (किल्लीचं नाव) द्या, म्हणजे उद्या एक सेवा बंद केली तर तिचीच किल्ली काढता येईल. एवढी लांब किल्ली डीएनएसमध्ये टाकताना २५५ अक्षरांची मर्यादा आड येते, तेव्हा ती दोन अवतरणांत तोडून लिहावी लागते. डीकिम लावूनही चालत नाही अशा प्रकरणांत हे आधी तपासा.

मग डीमार्क, म्हणजे या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारं धोरण, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात मोलाचं टूल इथे आहे : त्याचे एकत्रित अहवाल. धोरण ‘नन’ (काही करू नका) ठेवून फक्त अहवालाचा पत्ता जाहीर केलात की मोठे मेल पुरवठादार साधारण रोज एक्सएमएल फाइली पाठवायला लागतात. तुमच्या नावाने कोणत्या आयपीवरून किती मेल आले, एसपीएफ आणि डीकिमचं काय झालं, हे सगळं त्यात असतं. डोळ्यांनी ते वाचवत नाही. पार्सडीमार्क हे मुक्त टूल त्या फाइली उघडून ओपनसर्चसारख्या ठिकाणी भरतं आणि मग तक्ते दिसतात. काही आठवडे नुसते बघत राहा. मार्केटिंगने कुणालाही न विचारता घेतलेली सेवा, कोपऱ्यातला स्कॅनर, जुना अर्ज पाठवणारा प्रोग्राम, सगळे तिथे उघडे पडतात. एकेकाला रांगेत आणा आणि मगच ‘क्वारंटाइन’कडे (स्पॅममध्ये टाका) जा. घाईने ‘रिजेक्ट’ लावलंत तर तुमचीच बिलं नाकारली जातील.

गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले. गूगलच्या हिशेबात वैयक्तिक जीमेल खात्यांना दिवसाला ५००० च्या आसपास मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही लागतात, आणि लोकांनी स्पॅम म्हणून नोंदवण्याचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावं लागतं. तुमचा आकडा त्याहून लहान असला तरी गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये, म्हणजे तुमचे मेल जीमेलला कसे दिसतात ते दाखवणाऱ्या सेवेत, डोमेनची नोंद करा, फुकट आहे. मायक्रोसॉफ्टकडे तुमच्या आयपीसाठी तसंच एसएनडीएस आहे.

येणाऱ्या स्पॅमबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, तरी गेटवेवर एक गोष्ट बघून घ्या. स्पॅमहाउससारख्या ब्लॉकलिस्टला (स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांची काळी यादी) तुम्ही सार्वजनिक डीएनएस रिझॉल्व्हरमधून विचारत असाल, तर ते खरं उत्तर देत नाहीत, १२७.२५५.२५५.२५४ असा त्रुटीचा संकेत देतात. तुमच्या सेटिंगमध्ये ‘काहीही उत्तर आलं म्हणजे पाठवणारा काळ्या यादीत’ असं असेल, तर त्या क्षणापासून जगातला प्रत्येक मेल नाकारला जाईल. गेटवेवर स्वतःचा अनबाउंड रिझॉल्व्हर ठेवा आणि स्पॅमहाउसच्या झेन यादीसाठी १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ एवढीच उत्तरं मान्य करा. बंद पडलेल्या याद्याही काढून टाका. सॉर्ब्स २०२४ मध्ये बंद झाली, पण जुन्या सेटिंगांमध्ये तिचं नाव अजून सापडतं.

हाताशी ठेवायची छोटी टूल्स : चाचणीचा मेल हव्या त्या सर्व्हरकडे, हव्या त्या पत्त्याने, टीएलएससह पाठवून पूर्ण संभाषण दाखवणारं स्वॅक्स, प्रमाणपत्र खरंच कोणतं लागलंय ते बघायला ओपनएसएसएल, मेन सेटिंग फाइलमध्ये मुद्दाम काय लिहून ठेवलंय तेवढंच छोट्या एनच्या पर्यायाने दाखवणारं पोस्टकॉन्फ, जे आधीच्या ॲडमिनचा वारसा समजून घ्यायला फार उपयोगी पडतं. एक्स्चेंजसाठी मायक्रोसॉफ्टची हेल्थ चेकर स्क्रिप्ट चालवा, तीही फुकट आहे. प्रमाणपत्रांचं नूतनीकरण मात्र आत्ताच स्वयंचलित करा. सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटून मार्च २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येणार आहे, हाताने ते जमणार नाही.

वरिष्ठांना द्यायच्या यादीत मग काय लिहायचं? पहिल्या ओळीत एक्स्चेंज. २०१९ च्या आवृत्तीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मार्च २०२१ मध्ये एक्स्चेंजच्या त्रुटींमधून किती सर्व्हर फोडले गेले हे आपल्या क्षेत्रात सगळ्यांनी पाहिलंय. दुरुस्त्या येत नसलेला सर्व्हर इंटरनेटसमोर ठेवणं परवडणारं नाही. २०१९ वर शेवटचे क्युम्युलेटिव्ह अपडेट असतील तर सबस्क्रिप्शन एडिशनवर, म्हणजे एक्स्चेंजच्या पुढच्या आवृत्तीवर, जागेवरच जाता येतं. बजेट आहे म्हणताय तर ते आधी इथे लावा. दुसऱ्या ओळीत लॉग साठवायचं वेगळं मशीन. तिसऱ्या ओळीत बॅकअप परत आणून बघायची जागा : एक मेलबॉक्स, एक अख्खा डेटाबेस, खरोखर परत उभा करून. तुमच्या बॅकअपबद्दल पत्रात एक शब्दही नाही, त्यामुळे तो कधी परत आणून पाहिला गेला असेल असं मला वाटत नाही. कायद्यासाठी किंवा लेखापरीक्षणासाठी जुने मेल जपून ठेवायचे असतील तर आर्काइव्हिंगचं सॉफ्टवेअर ही चौथी ओळ, पण किती वर्षांचे आणि कुणाचे मेल ठेवायचे हे कायदा विभागाकडून लेखी घेतल्याशिवाय त्याची किंमत विचारू नका. मॉनिटरिंग सूट मी या यादीत टाकला नसता. टाकायचाच असेल तर विक्रेत्याला एकच प्रात्यक्षिक मागा : तुमच्या लॉगमधला एक हरवलेला मेल त्याने तुमच्यासमोर शोधून दाखवावा.